लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जाताना

(रिठद आणि आसपासच्या गावांतल्या मैत्रिणींसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



पूर्वी लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक घरी यायची आणि बाळ सव्वा-दीड महिन्याचं होईपर्यंत राहायची. आता बऱ्याच घरांत उलटं झालं आहे. लेक किंवा सून दुबईत असते, दोह्यात असते, अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात असते. नोकरी आणि तिथलाच दवाखाना, त्यामुळे तिला येता येत नाही. मग एक दिवस फोन येतो, "आई, यंदा तूच ये."

आनंद होतो आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो. आपल्याकडची बाई पहिलं वाक्य हेच बोलते, "मले कायचं इंग्रजी येते? पोरं करतील सारं." पोरं पुष्कळ करतील. तिकीट काढतील, अर्ज भरतील, मुंबईपर्यंत सोडायलाही येतील. पण विमानतळाच्या दाराशी ती थांबतात. तिथून पुढे पासपोर्ट तुमच्या हातात, पिशवी तुमच्या खांद्यावर आणि अधिकाऱ्यासमोर उभ्या तुम्ही एकट्या. पिशवीत काय आहे, कुठे चाललात, किती दिवस राहणार, हे तुम्हालाच विचारलं जातं. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे की पहिल्या परदेश प्रवासाची तयारी दुसऱ्याने केली तरी ती आपल्याला माहीत असली पाहिजे. कोणता कागद कशासाठी आणि डब्यात काय चालतं, एवढं समजलं की निम्मी भीती जाते.

सगळ्या कागदांवर नाव एकच हवं

तयारी बॅग भरण्यापासून नाही, ट्रंकेतल्या कागदांपासून सुरू होते. आधार कार्ड, पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र आणि शाळेची टीसी, जे जे असेल ते बाहेर काढा आणि एका ओळीत मांडा. आता प्रत्येकावरचं नाव वाचा. टीसीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. रेशन कार्डावर नावापुढे 'बाई' लागलेलं. कुठे 'सौ.' हा शब्दच नावाचा भाग झालेला. इंग्रजी स्पेलिंग तर दर कागदावर वेगळं. गावात आपल्याला सगळे ओळखतात, म्हणून आजवर काही अडलं नाही. पासपोर्टच्या खिडकीवर मात्र एका अक्षराचा फरकही अडतो.

जन्मतारखेचंही तसंच. आपल्या पिढीतल्या कितीतरी बायांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिली. आधार काढताना पुन्हा वेगळी सांगितली गेली. दोन तारखा जुळत नसतील तर आधी एक पक्की करा आणि बाकीचे कागद तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. या दुरुस्तीला महिने लागू शकतात. म्हणून लेकीला दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात कागद तपासा. सातव्या महिन्यात धावपळ नको.

लग्नानंतरच्या नावाबद्दल एक गैरसमज आहे. पासपोर्टसाठी सासरचं नाव लावलंच पाहिजे असा नियम नाही. माहेरचं नाव ठेवलं तरी चालतं. 2016 च्या डिसेंबरपासून पासपोर्टच्या अर्जाला लग्नाचा दाखलाही सक्तीचा राहिलेला नाही. तरी तो जवळ असलेला बरा, कारण माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवणारा तोच सरळ कागद. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते. जुनं लग्न असलं तरी चौकशी करा.

अर्ज भरताना नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर संयुक्त अरब अमिरात, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबीचा देश, पर्यटन व्हिसावर प्रवेश देत नाही. हा नियम 2022 च्या नोव्हेंबरपासून आहे.

पासपोर्ट: खर्च किती, जायचं कुठे

विदर्भाचं प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय नागपूरला आहे. अर्ज मात्र घरबसल्या संगणकावर भरायचा असतो. सरकारी संकेतस्थळ एकच, पासपोर्ट इंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे भरणाऱ्याला मोठ्याने वाचायला लावा. सरकारी असल्यासारखी दिसणारी आणि जास्त पैसे उकळणारी खोटी संकेतस्थळं बरीच आहेत.

मोठ्या माणसाच्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये आहे आणि तो 10 वर्षं चालतो. वय 60 च्या वर असेल तर नव्या पासपोर्टच्या फीत 10 टक्के सूट मिळते. घाईचा, म्हणजे तत्काळ पासपोर्ट हवा असेल तर 2000 रुपये जास्त पडतात. फी भरल्यावर भेटीची तारीख मिळते. त्या दिवशी मूळ कागद घेऊन स्वतः जावं लागतं. तिथे फोटो काढतात आणि बोटांचे ठसे घेतात. भांडी, शेण, निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांनी आधीचे चार दिवस रात्री हातांना तेल किंवा तूप चोळावं आणि जाताना हात स्वच्छ धुऊन जावं. ठसे त्यामुळे बरे उमटतात. काही मोठ्या टपाल कार्यालयांतही पासपोर्टची केंद्रं निघाली आहेत. अर्ज भरताना यादी दिसते, त्यातून सोयीचं निवडा.

नंतर पोलीस पडताळणी होते. पत्ता खरा आहे का, बाई इथेच राहते का, गुन्हा नाही ना, एवढंच बघतात. त्यासाठी वेगळी फी नाही.

पासपोर्ट हातात आला की प्रत्येक अक्षर वाचून घ्या. ज्यांचा आधीच काढलेला आहे त्यांनी मुदत बघा. बहुतेक देशांना तिथे पोचल्यावर पासपोर्ट निदान 6 महिने चालू असावा लागतो. मुदत चार महिन्यांवर आली असेल तर विमान कंपनी मुंबईतच थांबवते.

ज्यांना लुंबिनीला बुद्धाच्या जन्मस्थळी जायचं आहे त्या मैत्रिणींसाठी एक गोष्ट. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पण 15 ते 65 वयाच्या माणसाला आधार कार्डावर जाता येत नाही. यात्रेच्या बसमध्ये बसायच्या आधी मतदार कार्ड पिशवीत आहे का ते बघा.

व्हिसा म्हणजे काय

पासपोर्ट आपलं सरकार देतं आणि सांगतं की ही बाई आमची नागरिक आहे. व्हिसा समोरचा देश देतो आणि सांगतो की या बाईला अमुक कामासाठी, अमुक दिवस आमच्याकडे येऊ द्या. पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसा मिळालाच असं नाही.

आखातातल्या देशांचा भेटीचा व्हिसा बहुधा मुलगा किंवा जावई तिथूनच काढतो. अमेरिकेसाठी मुंबईला जाऊन मुलाखत द्यावी लागते. प्रश्न साधे असतात. कुणाकडे जाता, जावई काय करतात, खर्च कोण करणार, परत कधी येणार, इकडे कोण कोण आहे. उत्तर खरं आणि थोडक्यात द्या. "लेकीचं बाळंतपण आहे, तिच्यासोबत राहायला चालले, पेरणीच्या आधी परत येईन," हे उत्तम उत्तर आहे. इकडे घर आहे, शेत आहे, माणसं आहेत, हे त्यांना समजायला हवं. कुणी पढवलेलं खोटं उत्तर देऊ नका, दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं.

अमेरिकेचा व्हिसा बहुधा 10 वर्षांचा मिळतो, पण त्याचा अर्थ 10 वर्षं राहायची परवानगी असा नाही. दर वेळी उतरल्यावर तिथला अधिकारी किती दिवस राहायचं ते ठरवतो, बहुतेकदा 6 महिने. दुबईकडे मुदत संपल्यावर राहिलं तर दिवसाला 50 दिरहम दंड बसतो. परतायची तारीख लेकीला माहीत असतेच, पण तुमच्या वहीतही लिहिलेली असू द्या. आणि भेटीच्या व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. आपलं नातवंड सांभाळणं वेगळं आणि शेजारच्यांचं मूल पगारावर सांभाळणं वेगळं.

परदेशातला दवाखाना फार महाग असतो. प्रवासाचा आरोग्य विमा काढल्याशिवाय निघू नका. बीपी, शुगर, गुडघे, जे असेल ते विम्याच्या अर्जात खरं लिहा. लपवलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी देत नाही. युरोपातल्या शेंगेन गटातल्या देशांना तर 30,000 युरोचा विमा दाखवल्याशिवाय व्हिसाच मिळत नाही.

बाळंतिणीच्या डब्यात काय नको

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, नीट ऐका.

लेकीसाठी निघालेली आई काय नेईल? डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, घरचा काळा मसाला. या लाडवांत आणि मसाल्यात आपण हमखास खसखस घालतो. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते. पण संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया आणि सिंगापूर या देशांत तिला अमली पदार्थांत धरतात. तिथे खसखस सापडली तर ती टाकून द्या म्हणून सोडत नाहीत, अटक होऊ शकते आणि खटला चालू शकतो. "मला माहीत नव्हतं" हे उत्तर ऐकून घेतलं जात नाही. बाळंतिणीचे लाडू घेऊन निघालेली आई कोठडीत बसेल, इतकी ही गोष्ट गंभीर आहे. तेव्हा आखातात किंवा सिंगापूरला जाताना खसखस सुटी नको, लाडवात नको, वाटून मसाल्यातही नको. उमरा किंवा हजला जाणाऱ्या आपल्या मुस्लिम मैत्रिणींनीही मसाला बांधताना हे ध्यानात ठेवावं. लाडू जरूर करा, खसखस वगळून करा. पानाचा विडा, गुटखा, तंबाखूची पुडीही घरीच राहू द्या.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची तऱ्हा वेगळी. त्यांना आपल्या शेतीत बाहेरची कीड नको आहे. तिथे उतरताना एक कार्ड किंवा फॉर्म भरावा लागतो. खाण्याची जी जी वस्तू असेल ती त्यात 'आहे' म्हणून सांगायची. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर ते काढून घेतात, शिक्षा होत नाही. लपवली तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी 400 डॉलर दंड होतो. दुधाचे पदार्थ, म्हणजे पेढे, बर्फी, खवा, ऑस्ट्रेलियाला नेऊ नका. बियाणं कुठल्याच देशात बांधून नेऊ नका.

अमेरिकेत आपल्याकडचा तांदूळ, हरभरा, सोयाबीन सामानातून नेता येत नाही. कारण आपल्या ओळखीचं आहे, कोठारातल्या धान्याला लागणारा खापरा भुंगेरा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, मांस हेही नको. घरच्या धान्याचा आपल्याला केवढा अभिमान! पण तिकडे डाळ-तांदूळ दुकानात मिळतात.

विमानाचे आपले नियमही आहेत. हातातल्या पिशवीत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी पातळ वस्तूची बाटली चालत नाही. लोणचं आणि तूपही त्यात धरतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यात तेल फार, पेट घेण्याचा धोका म्हणून त्या काढून घेतात. मोबाईलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातच ठेवायची असते. काडेपेटी कुठेच नको, देवाच्या सामानासोबत चुकून जाते. बॅगेचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं. गावातल्या पिठाच्या गिरणीवरच्या काट्यावर आधी करून बघा, म्हणजे विमानतळावर बॅग उघडून लाडू काढायची वेळ येणार नाही.

आणि दुसऱ्याचं पार्सल घ्यायचं नाही. गावात कळलं की बाई दुबईला चालली, लगेच कुणीतरी येतं, "मावशी, माह्या पोराले एवढी पुडी द्या." नाही म्हणणं जिवावर येतं. पण 2019 साली मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याच्या विमानतळावर पकडलं गेलं. नात्यातल्याच बाईने दिलेल्या पाकिटात चरस निघालं. त्यांना 10 वर्षांची शिक्षा झाली. पाकीट आपलं नाही हे सिद्ध होऊन 2021 साली ती दोघं सुटून आली, पण तोवर तुरुंगात दिवस गेलेच. नात्यातला माणूस असला तरी घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर समोर उघडून, एकेक वस्तू बघून, स्वतःच्या हाताने पुन्हा बांधायचं. शिवलेली उशी, बंद डबा, चिकटवलेलं पाकीट यांना सरळ हात जोडायचे.

औषधं, दागिने, पैसा

रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग चुकली तरी गोळी चुकायला नको. पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी घ्या, मूळ पाकिटातच राहू द्या आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. तिच्यावर औषधाचं मूळ नाव, तुमचं पासपोर्टवरचं नाव आणि आजार लिहिलेला हवा. ट्रामाडॉल असलेल्या वेदनेच्या गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आखाती देशांत परवानगीशिवाय चालत नाही. गोळीत काय आहे, हे औषधाच्या दुकानात विचारा. आयुर्वेदिक चूर्णं बिनलेबलाच्या पुडीत नेऊ नका.

दागिने कमीत कमी घाला. मंगळसूत्र, दोन बांगड्या पुरेत. जास्त सोनं न्यायचंच असेल तर निघताना विमानतळावर कस्टमच्या कक्षात दाखवून त्याचा दाखला घ्या. हे सोनं इथूनच नेलं होतं असा तो पुरावा असतो. नाहीतर परत येताना आपल्याच पाटल्यांवर कर भरा म्हणतील. सोनाराची पावती आणि दागिन्यांचा फोटो जवळ ठेवा, आणि दाखला घ्यायला वेळ लागतो म्हणून घरून लवकर निघा.

रोख डॉलर एका प्रवासाला 3000 पर्यंत नेता येतात, एवढे आपल्याला लागतही नाहीत. परतल्यावर गाडीभाड्याला थोडे रुपये ठेवा. भारतीय चलन 25,000 रुपयांपर्यंतच सोबत नेता-आणता येतं. पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवा. आपला जुना कमरेचा बटवा यासाठी अजूनही सगळ्यात चांगला.

कपड्यांबद्दल थोडं. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कोलकात्याहून अमेरिकेला बोटीने निघाल्या. त्याआधी त्यांनी विचार केला की नऊवारीत पाय उघडे राहतात, तिकडच्या थंडीत ते बाधेल. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायचं ठरवलं. वेष आपलाच ठेवला, फक्त हवेप्रमाणे बदलला. आपणही तेच करावं. विमानात गारठा असतो, तेव्हा शाल, मोजे आणि सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस. पायात घसरणार नाही अशी चप्पल किंवा बूट, आणि ते घालून आधी आठ दिवस गावात चालून बघा.

विमानतळावर काय काय होतं

आपल्याकडून अकोल्याला जाऊन रेल्वेने मुंबई गाठता येते, आता समृद्धी महामार्गही आहे. काहीही करा, पण विमानाच्या दिवशीच मुंबईत पोचायचा बेत ठेवू नका. गाडी उशिरा झाली तर विमान थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा आणि विमानाच्या निदान तीन तास आधी विमानतळावर राहा.

क्रम पाठ करून घ्या. दारावर पासपोर्ट आणि तिकीट दाखवायचं. मग विमान कंपनीच्या खिडकीवर मोठी बॅग द्यायची. तिथे बोर्डिंग पास मिळतो आणि बॅगेची छोटी चिठ्ठी मिळते. ती फेकू नका, बॅग हरवली तर तीच उपयोगी पडते. नंतर इमिग्रेशन, तिथे अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. मग सुरक्षा तपासणी. शेवटी पासवर लिहिलेल्या नंबरचं गेट. गेट ऐनवेळी बदलतं, म्हणून तासाभरात एकदा वर लावलेला बोर्ड बघा किंवा कुणाला पास दाखवून विचारा.

मध्ये दुसरं विमान पकडायचं असेल तर पहिल्या विमानातून उतरल्यावर बाहेर जायचं नाही. पास दाखवून पुढचं गेट विचारायचं. मोठी बॅग बहुधा आपोआप पुढे जाते, पण अमेरिकेत पहिल्या विमानतळावर बॅग घेऊन पुन्हा द्यावी लागते. मुंबईच्या खिडकीवरच विचारून ठेवा, "माझी बॅग कुठे घ्यायची?"

गुडघे दुखत असतील, फार चालवत नसेल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा. माणूस सोबत येतो आणि थेट विमानापर्यंत नेतो. शाकाहारी असाल तर जेवणही तिकिटासोबतच सांगा. इथे एक गंमत आहे. विमान कंपन्यांच्या यादीतलं 'हिंदू मील' हे शाकाहारी नसतं, त्यात मटण-कोंबडी असू शकते. आपल्याला हवं ते 'एशियन व्हेजिटेरियन मील'.

लांबच्या प्रवासात पाणी पीत राहा आणि दोन तासांनी उठून चार पावलं टाका, पाय सुजत नाहीत. कान दडे बसले तर आवंढा गिळा किंवा गोळी चघळा. संडासात पाण्याऐवजी कागद असतो, तेव्हा छोटी रिकामी बाटली जवळ ठेवा. आतली कडी लावल्याशिवाय दिवा पूर्ण लागत नाही, घाबरू नका.

इंग्रजीचं काय? एका कागदावर इंग्रजीत लिहून घ्या: माझं नाव, मी लेकीकडे चालले आहे, तिचा पत्ता, तिचा आणि जावयाचा फोन नंबर, माझे आजार, परतीची तारीख आणि "मला मराठी आणि हिंदी येते, कृपया दुभाषा द्या." कागदाच्या दोन प्रती ठेवा, फक्त मोबाईलवर विसंबू नका. बॅटरी संपली की नंबरही गेले.

पार्वतीबाई आठवले हे नाव ऐकलं आहे का? 1870 सालचा जन्म, विसाव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाला आयुष्य दिलेल्या. 1918 साली, पन्नाशीला टेकल्या असताना, तुटपुंज्या इंग्रजीवर त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून राहिल्या, संस्थेसाठी मदत जमवली आणि 1920 साली परत आल्या. त्यांनी हे 'माझी कहाणी' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता आणि उतरवून घ्यायला लेक नव्हती. आपल्याकडे दोन्ही आहे.

तिथे काही अडलं तर

लेकीच्या घरी पोचल्याबरोबर तिथला तातडीचा नंबर वहीत लिहा. अमेरिकेत 911, युरोपात 112, अमिरातीत पोलिसांचा 999 आणि रुग्णवाहिकेचा 998. लेकीला रात्री कळा सुरू झाल्या आणि जावई ड्युटीवर असेल, तर फोन तुम्हालाच लावायचा आहे. घराचा पत्ता इंग्रजीत म्हणता यावा म्हणून रोज एकदा मोठ्याने म्हणा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय दूतावास. परत येण्यापुरता तात्पुरता दाखला दूतावास देतो. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत आणि एक प्रत इकडे घरी असेल तर हे काम लवकर होतं. अमिरातीत भारतीयांसाठी मोफत मदतवाहिनी आहे, 800 46342.

कामासाठी जाणाऱ्या मैत्रिणींसाठी

काही घरी वेगळा फोन येतो. "कुवेतला घरकाम आहे, पगार चांगला, तिकीट आमचं." अशा वेळी थांबा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला बहुधा 'ईसीआर' प्रकार लागतो. अशा पासपोर्टवर आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर सरकारची मंजुरी लागते आणि 30 वर्षांखालच्या बाईला ती मिळत नाही. भरती करणारा एजंट 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेला हवा. त्याला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर त्याचं नाव शोधून बघा. "भेटीच्या व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर कामाचा करून देऊ," असं जो म्हणेल त्याच्यामागे जाऊ नका. त्या व्हिसावर काम करणारी बाई तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरते, मग पगार बुडाला तरी तक्रार करायला तोंड राहत नाही. आणि पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात द्यायचा नाही. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, मालकाने ठेवून घ्यायची वस्तू नाही.

मागे राहिलेलं घर

सहा महिने बाहेर राहणार, तर इकडची सोयही लावून जा. बचत गटाचे हप्ते कोण भरणार ते गटात सांगा. पेन्शन किंवा सरकारी योजनेचे पैसे येत असतील तर हयातीचा दाखला, केवायसी यांच्या तारखा विचारून घ्या. बँकेचा ओटीपी ज्या मोबाईल नंबरवर येतो त्याचं रोमिंग इथूनच चालू करून घ्या. औषध, दूध, गुरं, घरातली म्हातारी माणसं, कुणाचं काय ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. इतकी वर्षं हे सगळं तुमच्या डोक्यात होतं, म्हणून घर चाललं. आता ते इतरांच्या डोळ्यांपुढे असू द्या.

मैत्रिणींनो, सगळं एकदम लक्षात राहणार नाही. ज्यांची लेक-सून परदेशात आहे त्यांनी या आठवड्यात फक्त एक काम करावं. आधार, पॅन आणि शाळेची टीसी शेजारी शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख जुळते का ते बघावं. स्वतःला वाचता येत नसेल तर नातीला, शेजारच्या पोरीला बसवून वाचून घ्यावं. जुळत असेल तर पुढचा रस्ता सोपा आहे. जुळत नसेल तर आजच कळलं, हे बरं झालं.

आणि लाडू करताना खसखशीचा डबा वरच्या फळीवरच राहू द्या.